मी धरलेली केमिस्ट्रीची जागा

आमच्या सायलीने डॉक्टर व्हायचं ठरवलं, तेव्हा तिला हिस्टरी, इंग्लिश आणि ड्रामात 'ए' मिळून पाच दिवस झाले होते.

गोष्ट दोन हजार चारच्या ऑगस्टमधली. आम्ही इंग्लंडात रीडिंगला राहत होतो (अजूनही तिथेच आहोत, फक्त त्या कॉलेजवरून जाताना मी रस्ता बदलते). सायली सुट्टीत वृद्धांच्या एका केअर होममध्ये चहा द्यायला जायची. तिथल्या एका आजोबांचा हात धरून बसली असताना तिला साक्षात्कार झाला. सोळाव्या वर्षी "आई, सायन्स इज सो बोअरिंग" म्हणत तिने बायोलॉजी-केमिस्ट्री सोडली, तेव्हा दुःखाने मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. आता आनंदाने जाईना!

पण सायन्सशिवाय मेडिसिनला घेणार कोण? एडिनबराच्या माझ्या नणंदबाई स्वतः हॉस्पिटलात डॉक्टर. त्या म्हणाल्या, "वहिनी, फाउंडेशन इयर असलेली युनिव्हर्सिटी शोधा. आर्ट्सवाल्यांना एक वर्ष सायन्स शिकवून मग घेतात." मेडनहेडचे प्रधानकाका म्हणाले, "छे! आधी हिस्टरीची डिग्री करू दे, मग ग्रॅज्युएट एन्ट्रीने मेडिसिन."

"पण काका, तिथेही बऱ्याच ठिकाणी केमिस्ट्री लागते म्हणे," मी म्हटलं.

"लागते का? मग आधी केमिस्ट्री, मग हिस्टरी, मग मेडिसिन. त्यात काय एवढं!"

आमच्या ह्यांनी एक्सेलमध्ये तक्ता केला. चार रस्ते, चार रंग. हिरव्या रस्त्याने सायली चोविसाव्या वर्षी डॉक्टर होत होती आणि पिवळ्या रस्त्याने, फॉर्म्युल्यात काहीतरी चुकल्यामुळे, एकशेसहाव्या. ती चूक शोधण्यात ह्यांचे दोन दिवस गेले. मला तर हिरवा कुठला आणि पिवळा कुठला, तेही कळेनासं झालं होतं.

शेवटी सायलीनेच निकाल लावला. गावातल्याच कॉलेजात बायोलॉजी-केमिस्ट्रीच्या दोन्ही ए-लेव्हल्स, म्हणजे इथली बारावी, एका वर्षात उरकायच्या. बायोलॉजीला जागा भरपूर होती. केमिस्ट्रीला मात्र मोजक्याच, आणि त्याही गुरुवारी, जो आधी येईल त्याला. आणि या शहाणीने बुधवारीच हिस्टरीची युनिव्हर्सिटीतली जागा फोन करून सोडून दिली! म्हणजे केमिस्ट्री हुकली की वर्ष गेलं, हिस्टरी तर गेलेलीच. 

गुरुवारी तिची शिफ्ट होती. "आई, तू फक्त लाइनमध्ये उभी राहा. चारला मी आलेच."

जागा धरणं हे पुण्यात वाढलेल्या बाईला शिकवावं लागत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून मी अख्ख्या वऱ्हाडाच्या जागा धरलेल्या आहेत. पण सायलीची बस ट्रॅफिकमध्ये अडकली आणि कॉलेजची रांग नको तितक्या भराभर सरकली. चारला पाच मिनिटं असताना मी टेबलासमोर.

टेबलामागच्या केमिस्ट्रीच्या बाई गोड हसल्या. "नशीबवान आहात. शेवटची जागा! तुमच्यासाठीच ना?"

"माझी मुलगी एवढ्यात येईलच—"

"सॉरी, जो हजर असेल त्यालाच जागा. नाहीतर मग..." त्यांनी माझ्यामागे उभ्या असलेल्या सात जणांकडे पाहिलं.

मी मनात म्हटलं, आधी रुमाल टाकावा, माणूस मागाहून बसवता येतो. "येस," मी ठणकावून म्हणाले, "माझ्यासाठीच!"

बाईंचा चेहरा उजळला. या वयात केमिस्ट्री कशाला, म्हणून त्यांनी कौतुकाने विचारलं. डॉक्टर व्हायचंय म्हणत मी केअर होमच्या आजोबांची हकीकत सांगितली, त्यांचा हात सायलीच्या हातातून काढून माझ्या हातात देऊन. बाईंच्या डोळ्यांत पाणी! "इतक्या उशिरा सुरुवात करायला फार धैर्य लागतं," म्हणत त्यांनी फॉर्मवर शिक्का मारला.

सव्वाचारला सायली धापा टाकत आली. बाई हळहळल्या. "सॉरी डिअर, शेवटची जागा आत्ताच या लेडींना दिली. मागचे सातही जण जागा संपली म्हणून निघून गेले, तेव्हा तुझं नाव वेटिंग लिस्टवर पहिलं लिहिते."

"आई!" सायली किंचाळली. "तू माझी सीट घेतलीस?"

"अगं, धरून ठेवलीये! हे बघ, आता सोडते." मी बाईंना म्हटलं, "मला नाव काढून घ्यायचंय. ही माझी मुलगी. जागा तिच्यासाठीच होती."

बाईंनी माझा हात हातात घेतला. "आया नेहमी असंच म्हणतात." आणि आत्मविश्वास गमावलेल्या मला त्यांनी शेजारच्या खोलीत समुपदेशक बाईंकडे पोचवलं.

तिथे मी पुन्हा सगळं सांगत होते, तेवढ्यात आम्हाला न्यायला आलेले आमचे हे गाडी पार्क करून आत घुसले. "काय घोळ घातलास हा? आधी सही कर आणि नाव काढ!" मागून सायली रडवेली: "आई, प्लीज काढ ना नाव!" समुपदेशक बाईंना मराठी येत नव्हतं, पण आवाजाची पट्टी कळली. त्यांनी दोघांना नम्रपणे बाहेर काढलं, दार लावलं आणि टिश्यूंचा डबा माझ्यापुढे सरकवला.

"आता कुणी ऐकत नाहीये. तुम्हाला स्वतःला काय हवंय?"

मला रडूच फुटलं. खरंच सांगते, मला काय हवंय हे लग्नानंतर मला फक्त भाजीवाल्यानेच विचारलं होतं! झालं. माझ्या रडण्याने बाईंची पक्की खात्री पटली. दबावाखाली राजीनामा घेणार नाही म्हणाल्या. सोमवारी सगळ्यांची केमिस्ट्रीची चाचणी आहे, ती द्या. वीस प्रश्न; आठच्या खाली मार्क पडले तर जागा आपोआप वेटिंग लिस्टला जाते.

 घरी आल्यावर हे म्हणाले, "नापास व्हायचंय फक्त. तेवढं जमेल ना?"

"सगळी आन्सर्स राँग लिही, आई," सायली म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. मला माझीच लाज वाटली. मी देवाजवळ दिवा लावून नापास होण्याची शपथ घेतली.

सोमवारी पेपर हातात आला आणि माझं डोकं फिरलं. मी बारावी सायन्सची! (पुढे बी.कॉम. केलं, ते सोडा.) आजूबाजूला विशीतली पोरं पेन चावत बसलेली. तुम्हाला काय हवंय, असं त्या बाईंनी विचारलं होतं ना? मला पास व्हायचं होतं! फक्त एकदा. मग ताठ मानेने राजीनामा देणार होते. तो घेतला नसता तर सायलीचं काय, हा विचार मला शेवटच्या प्रश्नापर्यंत शिवला नाही. वीसच्या वीस उत्तरं मन लावून लिहिली, दोनदा तपासली आणि अपराधी चेहऱ्याने घरी आले.

बुधवारी कॉलेजचा फोन आला. केमिस्ट्रीची जागा सायलीला मिळाली होती. मला वीसपैकी तीन.

सायलीने मला घट्ट मिठी मारली. आज ती डॉक्टर आहे आणि चार लोक जमले की सांगते, "माझी आई माझ्यासाठी मुद्दाम नापास झाली." लोक भारावतात. मी नम्रपणे मान खाली घालते.

परवा तिने विचारलंच, "पण आई, सगळी राँग लिहायची होती ना? मग तीन करेक्ट कशी आली?"

मी म्हटलं, "घाईत चूक झाली गं." खरं म्हणजे ती तीन मी अंदाजपंचे ठोकली होती. उरलेली सतरा मला अगदी पक्की येत होती.