राहायला बांधलेलं घर

अन्याय झाला तो माझ्या मावशीवर, गेल्या जुलैच्या पहिल्या मंगळवारी, इथे परदेशात, पापाकुरा नावाच्या उपनगरातल्या एका अकाउंटंटच्या ऑफिसात. कापलेल्या पाईनचा वास आला की मला अजून तीच सकाळ आठवते, कारण मावशी आणि काका जवळच्याच टाकानिनीतल्या आपल्या घराच्या फळ्या कापता कापता तसेच उठून आले होते आणि दोघांच्या जॅकेटवर भुसा होता. मावशी नर्स, सुट्टीच्या दिवशी दोघं हे घर स्वतःच्या हातांनी बांधत होते. काकांच्या इंग्लंडमधल्या भावाला घरबांधणीच्या सामानावरचा कर परत मिळाला होता, म्हणजे इथेही मिळणारच, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. त्या पैशांतून नाशकाहून राहायला आलेल्या आजीसाठी खाली बाथरूम व्हायची होती. तिला जिना चढवत नव्हता. अकाउंटंट आपलाच, पुण्याचा. म्हणाला, “सॉरी ताई, इथे तशी सोय नाही. तुमच्या शेजारचा बिल्डर जीएसटी परत घेतो, कारण तो घरं विकतो आणि विकताना कर भरतो.” “म्हणजे आम्ही त्यात राहणार, हा आमचा गुन्हा?” मावशीने विचारलं. काका पुटपुटले, “चल गं, करवत भाड्याची आहे.” संध्याकाळी आजी म्हणाली, “माझं तिकीट काढा. नाशकात संडास तरी खाली आहे.” ती गेली आणि मार्चमध्ये तिकडेच वारली. मावशीला वेळेत पोहोचता आलं नाही. आज मी अवोन्डेलच्या बाजारात या कराविरुद्धची पत्रकं वाटते आहे आणि तुम्हाला एवढंच सांगते: मत मागायला जो दारात येईल, त्याला विचारा, राहायला बांधलेल्या घरावर हा कर का? उत्तर मिळेपर्यंत त्याला हलू देऊ नका.