कागदातल्या लेकराची कुंची

पडदा वर जातो. ताडकळसच्या बाजारामागची गल्ली. थंडीतलं कोवळं ऊन ओट्यावर चढलेलं. ओट्यावर शिलाई मशीन, मशीनखाली रंगीबेरंगी चिंध्यांचा ढीग, आणि मशीनमागची खुर्ची रिकामी! जिची ती खुर्ची, ती दैवशालाबाई तिकडं रस्त्याच्या वळणावर उभी, पदर मुठीत धरून. एसटी येते. बाजाराच्या पिशव्या घेऊन चार माणसं उतरतात, गाडी धूळ उडवत निघून जाते. दैवशाला माघारी येते, खुर्चीत बसते, सुईत दोरा ओवते, आणि कुठंतरी हॉर्न वाजला की सुई तशीच खोचून पुन्हा उठते.

कित्येक दिवस हाच प्रवेश चालू होता.

तिची एकुलती एक लेक राजेश्री दिवाळीनंतर नवऱ्यासंगं, बजरंगसंगं, कोल्हापूरकडं ऊसतोडीला गेली होती. पोटुशी असतानाच गेली. बाळंतपणाला माहेरी येते म्हणाली होती. थोरली पोरगी ऋतिका शाळेपायी आजीजवळच होती. "मुकादम गाडी बघायलाय, निघतोच आमी," असं बजरंग फोनवर बोलला, आणि त्यानंतर त्याचा फोन लागेनाच.

दैवशालाच्या हातांची तर वेगळीच तडफड. पंचक्रोशीत लेकरू कुणाचंही असो, त्याच्या डोक्यावरची कुंची दैवशालाची. वर टोक, टोकाला गोंडा, मागं पाठीवर रुळणारी झालर, हनुवटीखाली बंद. जन्माची बातमी आली की तिची मशीन धडधडायला लागायची. पण आधी न्हाई. लेकरू जन्मायच्या आधी त्याच्यासाठी टाका घालायचा नसतो, नजर लागते. आणि जन्मल्यावरही पहिलं कापड जुनंच, दुसऱ्या धडधाकट लेकरानं वापरलेलं. ऋतिकाच्या वेळीही ती हात बांधून बसली होती. शेजारच्या सरजाबाईच्या नातवाचं विटकं टोपडं ऋतिकाच्या डोक्याला आधी लागलं, मग कुंची.

असे हात शिवशिवत असताना ऋतिका शाळेतून दप्तर आपटत आली.

"आज्जी, हे बघ! मनिषा मॅडमनी रंगवायला दिलंय. एल्फ हाय."

झेरॉक्सच्या कागदावर एक बुटकं पोरगं. टोकदार टोपी, टोकदार कान, वाकडे बूट.

"कुणाचं हे?"

"कुणाचंच न्हाई. तिकडं परदेशात असतंय. लपून राहतंय अन् लेकरांसाठी खेळणी करतंय."

दैवशालानं कागद डोळ्यांजवळ धरला. "कुंची तर बरी हाय. पण बंद कुठायत? कान भायेर आलेत बघ, गार वारं शिरंल. ह्याच्या मायला दोन बंद लावता येईनात व्हय?"

"आज्जी, ती टोपी हाय!"

"मी बघायले ना. कुंचीच हाय."

ऋतिका खेळायला पळाली. दैवशालानं इकडंतिकडं बघितलं आणि हिरवा खडू उचलला. साठीला आलेली बाई, पाय दुमडून, जीभ दातांत धरून कुंची रंगवायला बसली. एसटीचा हॉर्न वाजला, खडू मोडला, ती धावत वळणावर जाऊन आली. राजेश्री न्हाई. उरलेल्या तुकड्यानं तिनं झालर काढली, बंद काढले, तेव्हा कुठं तिच्या जिवाला जरा बरं वाटलं. मॅडमनी दिलेल्या दुसऱ्या कागदावर त्याच पोराचा बाहुला कापून शिवायचा नमुना होता. दैवशालानं जुन्या धोतराचा तुकडा घेतला, आत कापूस भरला, लांब कान शिवले. आता बाहुल्याला कुंची नको? मशीन सुरू झाली. हिरवा खण, लाल झालर, पिवळा गोंडा. सुई थांबली तेव्हा तिनं ती बाहुल्याच्या डोक्यावर घातली, आणि बाहुल्याचं तोंडच आत बुडालं.

नेमकी त्याच वेळी सरजाबाई आभाळातून उतरावी तशी ओट्यावर अवतरली.

"दैवशाले! आधीच शिवलीस?"

"ही एल्फाची हाय, सरजाकाकू. कागदातल्या लेकराची."

"एवढी? भोपळ्याचं डोकं हाय व्हय त्याचं? लोकांना सांग. तुझ्या हातानं माप कुणाचं घेतलंय ते मला दिसायलंय."

दैवशालाचा चेहरा उतरला. हातानं दगा दिला होता. ती कात्री घेऊन टाके उसवायला बसली, तर ऋतिकानं बाहुला छातीशी धरून भोकाड पसरलं. "माझ्या एल्फाला गार लागंल!" कात्री ठेवावी लागली.

मग तो बाहुला कुंची घालून ऋतिकासंगं जेवला, धुळीत लोळला, शेकोटीशी बसला. कुंचीवर वरणाचा डाग पडला, गोंडा लोंबायला लागला. दैवशाला त्याच्याकडं बघायची, मनाशीच तोंडात मारून घ्यायची आणि फोन लावायची. फोन बंदच.

एका सकाळी अनोळखी नंबर वाजला. बजरंग होता.

"मामी, माझा फोन पाण्यात पडलता. आमी निघालो, अन् वाटंतच तिला कळा आल्या. लातूरच्या अलीकडं दवाखान्यात हाव. पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत. पण गारठा लय हाय, लेकराच्या डोक्याला काईच न्हाई."

दैवशाला उठली, बसली, पुन्हा उठली. पेटी उघडली. जुनं टोपडं एकही न्हाई! सरजाबाईचं कधीच दुसऱ्या घरी गेलेलं. तिचे डोळे बाहुल्यावर गेले आणि चटका बसावा तसे माघारी फिरले.

फोनचा आवाज ऐकून आलेल्या सरजाबाईनं ते बघितलं. पुढं होऊन तिनंच बाहुल्याची कुंची ओढून काढली, नाकाला लावली, डागावर बोट ठेवलं.

"ही नवी कुठंय गं? ह्या लांबकान्यानं अंगाखाली घालून मळवलीय की. पडलं, झडलं, एकदा तरी खोकललं का ते? धडधाकट लेकराची जुनी कुंची हाय. ने."

"काकू, तुमीच म्हणला होतात..."

"तवा नवी होती. जा आता, गाडी जाईल!"

कुंची पिशवीत गेली, ऋतिका सरजाबाईच्या हवाली झाली. ऋतिका मागं पळत वळणापर्यंत आली, उघड्या डोक्याचा बाहुला काखेत धरून, ओठ काढून. गाडीत दैवशालाला खिडकीची जागा मिळाली. पिशवी मांडीवर घट्ट धरून तिनं डोकं बाहेर काढलं.

"ऋतिके, त्याला म्हणावं, तुझी भैन चालायला लागली की कुंची माघारी देते. तवर कान झाकून बस."