मुरमातली सीताफळं

सुट्टीच्या घराला झाडं निवडताना मी एकच अट घातली होती. जे झाड माझी वाट बघेल, ते मला नको. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात मी परिचारिका होते. इथे माणसांना सलाईन लावायची आणि रजा काढून आमच्या बाभुळगावला गेलं की तिथेही कुणाच्या तरी उशाशी बसायचं, हे मला जमणारं नव्हतं.

घर म्हणजे गावाबाहेरच्या बरडावर बांधलेल्या दोन खोल्या. जमीन सगळी मुरमाची, म्हणून वडिलांनी तिथे कधी काही पेरलं नाही. जागा माझ्या आणि थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, नावावर होती. कापसाची ती वर्षं वाईट होती. दादाने बराच तग धरला, मग वावर विकलं. यापुढे सरकीला हात लावणार नाही असं चारचौघांत सांगितलं आणि यवतमाळला मुलाकडे राहायला गेला. तिथे दिवसभर ओट्यावर बसून राहायचा. त्याला ही जागाही विकून मोकळं व्हायचं होतं. मला मात्र गावात उतरायला एक दार हवं होतं. ते गेलं असतं तर बाभुळगाव माझ्यासाठी बसच्या खिडकीतून दिसणारं गाव झालं असतं.

पहिल्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून माती खाल्ली, आणि तीही काळी. दिवाळीच्या सुट्टीत सब्बलीने मुरमात खड्डे खणले. वावराचा ताबा द्यायच्या आधी दादा तिथून ट्रॉलीभर काळी माती घेऊन आला. कापूस पिकवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला काळ्या मातीपेक्षा चांगली माती असते हे सांगूनही पटत नाही, आणि मलाही ते कुणी सांगितलं नव्हतं. दादाने पाटीपाटीने ती खड्ड्यांत अशी भरली की जणू पाहुण्यांना वाढतो आहे. त्यात मी डाळिंब, लिंबू आणि बोगनवेल लावली. बोगनवेल तर मरत नाही म्हणतात.

होळीला आले तेव्हा वाटेवर पळस फुलले होते आणि माझ्या अंगणात सगळं मेलं होतं, बोगनवेलसुद्धा. खड्ड्याखड्ड्यात माती फाटली होती. एका भेगेत मी हात घातला तर मनगटापर्यंत गेला, आणि आत तुटलेली मुळं लोंबत होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून फाटते. कपाशीला त्याचं काही वाटत नाही, कारण माती अशी फाटेपर्यंत तिच्या वाळक्या काड्या, पऱ्हाट्या, चुलीत गेलेल्या असतात. झाडाला मात्र उन्हाळा तिथेच उभं राहून काढावा लागतो. कुंपणाबाहेरच्या उघड्या मुरमात एक रानटी सीताफळ कुणी न लावता उभं होतं. ते पाहून मला माझाच राग आला.

त्याच दुपारी मी खड्डे उकरायला घेतले. होळीसाठी आलेला दादा धावत आला.

"कायले उकरून राह्यली, बाई? आपल्या वावराची माती हाय ते."

मी म्हटलं, आहे ना, म्हणूनच झाडं मेली. तो ओट्यावर जाऊन बसला. मला वाईट वाटलं, पण हात थांबवला नाही. सगळी माती घरामागे नेऊन टाकली आणि खड्डे त्यांच्याच मुरमाने भरले.

संध्याकाळी त्याने विक्रीचा विषय काढला. गिऱ्हाईक तयार होतं. मी एक उन्हाळा मागितला. दादाचा खाक्या आधीपासून 'बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर' असा. "कण्हेर-बिण्हेर सांगू नको मले, ते मसणातही जगते," तो म्हणाला. "फळाचं झाड पाह्यजे. ते पाण्याबिगर उन्हाळा काढीन तं घर राहीन. नाही तं मी म्हणीन तिथं सही करजो."

मी कबूल झाले. मग बसस्टँडपासून घरापर्यंत चालत मी रस्त्याकडेला बघत आले. कुणी पाणी घालत नाही तरी काय जगतं? आणि फाटक नसलेल्या अंगणात बकरी काय खात नाही? या दोन प्रश्नांतच अर्धी रोपवाटिका निकालात निघाली. पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा आले तेव्हा शेजारच्या मेकॅनिकची बायको, जिला सगळे भाभी म्हणायचे, तिने मेंदीच्या फांद्या दिल्या. उवांवर कुटून लावायला ठेवलेल्या सीताफळाच्या बियाही तिच्याकडे होत्या. त्यातल्या मूठभर मी मागून घेतल्या. मेंदी कुंपणाला, कण्हेर रस्त्याच्या बाजूला, कोरफड भिंतीशी आणि पांढऱ्या चाफ्याची फांदी चीक सुकवून दाराशी. सीताफळाचं रोप न आणता बीच टोचलं, म्हणजे मूळ पहिल्यापासून आपल्या वाटेने खाली जाईल.

त्या दिवाळीला दवाखान्यात तापाचे इतके पेशंट होते की रजा मिळाली नाही. दादा मधूनमधून जाऊन येतो एवढं कळायचं. फोनवर झाडांचं विचारलं की तो म्हणायचा, येऊन पाह्य.

मे महिन्यात गेले. दादा आधीच येऊन ओट्यावर बसला होता. मेंदी उभी होती, कण्हेर मळकट पण हिरवी होती. सीताफळाच्या जागी मात्र वीतभर काड्या होत्या. एकाही काडीला पान नव्हतं.

"सुकले," दादा म्हणाला.

मलाही तसंच वाटलं. तरी मी खाली बसले. नाडी बघितल्याशिवाय मी आजवर कुणाला गेलं म्हटलं नव्हतं. एका काडीची साल नखाने जराशी खरवडली. आत ओलं हिरवं होतं. सीताफळ उन्हाळ्यात पानं गाळतं, हे उन्हाच्या धास्तीत आम्ही दोघंही विसरलो होतो. दादा उठून आला, दुसरी काडी त्याने स्वतः खरवडली, मग तिसरी. मी म्हटलं, पुरे, पास झाली ती, सोलून मारशील.

मग माझं लक्ष गेलं. प्रत्येक काडीभोवती पऱ्हाट्यांचं दाट कुंपण रोवलेलं होतं, ऊन आणि बकऱ्या दोन्ही अडवणारं. या पऱ्हाट्या कुठून आणल्या, असं मी विचारलं. तो मला घरामागे घेऊन गेला.

मी टाकलेल्या काळ्या मातीचा त्याने तिथे लांब वाफा केला होता. आता तो भेगाळून पडला होता. कडेला थोड्या उपटलेल्या पऱ्हाट्या रचलेल्या, त्यांच्या वाळक्या बोंडांत अजून कापसाचे चुकार धागे अडकलेले. चारचौघांत शपथ घेतलेल्या माझ्या भावाने इथे, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पुन्हा सरकी टोचली होती. माती उकरली त्या दिवशी तो ओट्यावर का जाऊन बसला होता, ते मला आता कुठे कळलं.

"रिकामी पडली होती," तो मातीकडे पाहत म्हणाला. "काही काम तं पाह्यजे तिले."

विक्रीचं तो काही बोलला नाही. परतीच्या बसपर्यंत माझी पिशवी त्यानेच धरली. बस आल्यावर ती माझ्या हातात देत म्हणाला, "मृगाले येशीन नं? सरकी मी आणतो."