वॉल्टरचं बाकडं

आमची हिल्डा ऑकरॉइड कुणाला 'नाही' म्हणाल्याचं डूजबरीत कुणी ऐकलेलं नाही. चर्चच्या विक्रीतला न खपलेला मुरांबा दरवर्षी हिच्याच गळ्यात पडतो. हिला मुरांबा आवडत नाही. शेजारीण म्हणून मी कितीदा बजावलं, भीड भिकेची बहीण! ती म्हणते, "खरंय गं," आणि मला एक बरणी देते.

तिचा नवरा वॉल्टर. दोघं दर मे महिन्यात पेन्शनरांच्या बसने समुद्रकाठच्या स्कारबरोला जायची आणि कड्यावरच्या एकाच बाकावर बसायची. त्याला डाव्या कानानेच ऐकू यायचं, म्हणून तो उजवीकडे. तो गेल्यावर तिने त्या बाकावर त्याच्या नावाची पितळी पट्टी बसवून घेतली. नगरपालिकेने पट्टीला दिलेली मुदत आता संपत आली होती. पुढे त्यावर दुसऱ्याचं नाव. शिवाय हिल्डाच्या गुडघ्यांना बसच्या पायऱ्या झेपेनात.

"एकदा शेवटचं बसून येते," ती म्हणाली. मी सोबत गेले.

पहिल्या दिवशी पट्टीला पाठ टेकून एक जोडपं मासे आणि बटाटे खात होतं.

"सांग ना त्यांना!"

"अगं, जेवतायत बिचारे."

दुसऱ्या दिवशी बाकावर कुत्रा झोपलेला. "म्हातारा दिसतोय," हिल्डा म्हणाली. आम्ही उभ्यानेच समुद्र पाहिला.

मग एकदा बाक मोकळं सापडलं. हिल्डा टेकते न टेकते तोच एका गृहस्थाने विचारलं, "इथे कुणी बसलंय का?"

"छे छे, बसा ना!"

मागून त्याची बायको, सासू आणि दोन धष्टपुष्ट मुली आल्या. हिल्डा उठली.

माझं डोकंच फिरलं. "अगं बाई, जीभ काय डूजबरीला ठेवून आलीस? त्याच्या नावाचं बाकडं आहे ते!"

"त्यांना कुठे माहीत होतं?" ती म्हणाली. रात्री ती जेवली नाही.

निघायच्या सकाळी पाऊस होता. ड्रायव्हर ग्लेनने बस चालू केली, तर हिल्डा जागेवर नाही. मी छत्री घेऊन तडक कडा गाठला.

बाकाच्या डाव्या कडेला ती भिजत बसली होती. उजवी बाजू मोकळी. मी हाक मारणार, तेवढ्यात छत्रीतलं एक म्हातारं जोडपं तिच्यापुढे थांबलं.

"इथे कुणी बसलंय का हो?"

आता ही उठणार. मी कपाळाला हात लावला.

"हो," हिल्डा म्हणाली. "बसलाय."

म्हाताऱ्याने त्या ओल्या फळीकडे पाहिलं.

"माफ करा हं," तो फळीला म्हणाला, आणि बायकोला घेऊन पुढे गेला.

मला रडू आवरेना. खाली ग्लेनने हॉर्न दिला. मग पुन्हा दिला.

हिल्डा उजवीकडे वळली आणि जरा मोठ्यानेच म्हणाली, "वाजवू दे रे त्याला."