पडद्यावरची फाटकी रेष

वागळे इस्टेटमधल्या आमच्या लेबलांच्या छापखान्यात कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग मी आले, मानपाड्याहून, सहा महिन्यांचा कोर्स करून. तोवर सगळी लेबलं एक आर्टिस्ट काका हाताने काढायचे. आता त्यांनी कार्डावर शाईने चित्र काढायचं आणि मी ते स्कॅन करून त्यावरून कॉम्प्युटरमध्ये रेषा ओढायच्या, असं ठरलं.

पहिलंच काम लोणच्याच्या बरणीचं. काकांनी कैरीचं लांब, डौलदार वळण काढलेलं. माझ्या पडद्यावर त्याच वळणाला जिन्यासारख्या पायऱ्या पडल्या. शेठ पाठीशी येऊन उभे राहिले. "रेष अशी फाटलेली का?"

मला कुठे माहीत होतं? कोर्समध्ये कुणी शिकवलंच नव्हतं. पण 'माहीत नाही' म्हटलं तर नोकरी जाईल, या धास्तीने मी पटकन बोलून गेले, "मूळ चित्रातच आहे, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही इतकंच. काकांचा हात थरथरतो ना हल्ली."

आठवड्याने, जिच्यावरून छपाई होते ती पारदर्शक फिल्म घेऊन फिल्मवाला आला. खालून दिवा लावलेल्या काचेवर ठेवली, तर वळण सुरीने कापल्यासारखं साफ. पडद्यावरच्या पायऱ्या कुठे गेल्या, असं मी विचारलं तसा तो हसला. "अगं, कॉम्प्युटर रेष गणिताने लक्षात ठेवतो. तुझ्या पडद्याचे ठिपके जाडे, म्हणून तिथे पायऱ्या दिसतात. फिल्मवर ठिपके बारीक, मग कशा दिसतील?"

डोंबलाची ऑपरेटर मी. त्याच पावली शेठकडे जायला हवं होतं. पण शेठनी तोवर काकांना चित्रं सोडायला लावून पॅकिंगला बसवलेलं, आणि 'पोरीची नजर तयार आहे' म्हणून मला शाबासकी दिलेली. ती शाबासकी मला सोडवेना. लाज वाटते लिहिताना, पण तसंच होतं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत काका माझ्या टेबलाशी आले.

"मला स्वतःला थरथर जाणवत नाही गं. घरीही कुणाला दिसत नाही. पण मशीनला दिसली म्हणजे असणारच, मशीन कशाला खोटं बोलेल?" त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. "तूच बघून सांग."

बोटं जराही हलत नव्हती. शेठच्या केबिनचं दार उघडं होतं.

"थोडी आहे, काका," मी म्हणाले.

त्यांनी हात मागे घेतला. म्हणाले, "बरं झालं, पोरी, वेळेवर तुझ्या लक्षात आलं. नाहीतर माझ्यामुळे शेठचं काम बिघडलं असतं."