शेवाळाचं कोडं आणि वंदीचं सायन्स

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. पण गेल्या रविवारपासून डोकं पार बधिर झालंय — म्हणून तुम्हाला सांगतो.

आमचं चांदूर बाजारला बांगड्यांचं दुकान. मी तेव्हा अमरावतीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला — म्हणजे घरातला एकदम शहाणा माणूस! धाकटी बहीण वंदी नुकतीच दहावी झालेली. तिला सायन्स हवं होतं. बाबांनी निर्णय माझ्यावर टाकला. आमच्याकडे रीतच तशी, जो शिकतो त्यानं धाकट्यांचं ठरवायचं.

मग काय, मी ऐटीत तिला हॉस्टेलात ऐकलेलं कोडं घातलं. तळ्यातलं शेवाळ रोज दुप्पट होतं, तिसाव्या दिवशी तळं पूर्ण भरतं — तर अर्धं कधी भरलं होतं?

वंदी बांगड्या निवडता निवडता म्हणाली, आदल्या दिवशी.

इतकं सोपं? छे! इंजिनिअरिंगच्या पोरांचं कोडं असं असेल का? मी कागद घेतला, लॉग लावला, श्रेढी मांडली, कुठं काय चुकलं देव जाणे — उत्तर अपूर्णांकात आलं. अपूर्णांकात आलं म्हणून तर मला ते खरं वाटलं! हिला गणित झेपणार नाही, असं मी बाबांना सांगून मोकळा झालो.

त्याच आठवड्यात हॉस्टेलात परतल्यावर माझं उत्तर ऐकून रूममेट पोट धरून हसला. "अबे, रोज दुप्पट होते ना? मंग भरायच्या आदल्या दिवशी अर्धंच असन! येडा हायेस का?"

मी हादरलो. वंदीचा आर्ट्सचा फॉर्म अजून भरायचा होता. मोबाइल खिशात होता. बाबांना एक फोन — एवढंच तर करायचं होतं. केला का? नाही केला. माझी अक्कल निघाली असती ना! वंदीनं आर्ट्स घेतलं, पुढे लग्न होऊन अकोल्याला गेली. ती अभ्यासात यथातथाच होती, असं घरात सगळे अजून म्हणतात. मीही म्हणतो.

रविवारी तिच्याकडे जेवत होतो. तिच्या मुलीनं शाळेतून नेमकं तेच कोडं आणलेलं. वंदीनं पोळी लाटता लाटता उत्तर दिलं आणि माझ्याकडे पाहून हसली.

"दादा, मले तवाच माहीत होतं का मी बरोबर हावो. बाबाले सांगतलं, तं ते म्हने, तुले इंजिनिअरपेक्षा जास्त कयते का? मंग मी तुया फोनची वाट पाहत राहिली. म्हटलं, हॉस्टेलात त्याले कोनी ना कोनी सांगनच."

फोनची वाट! अरे देवा — ती पोरगी वाट पाहत होती? आता तरी बोलायचं ना? कोण अडवत होतं?

"मले तं आज समजलं, वंदे," मी म्हणालो.

तिला ते खरं वाटलं. जाऊ दे ना, म्हणाली, आणि तव्यावरची गरम पोळी माझ्या ताटात टाकली. मी ती खाल्ली.