पाहणीच्या दिवशीची झोप

माझा नवरा रसायनीच्या कारखान्यात रात्रपाळीला जातो आणि दिवसा झोपतो. म्हणजे झोपायचा. नवा विमानतळ सुरू झाला, मोहोपाड्याजवळच्या आमच्या गावावरून विमानं उतरायला लागली आणि त्याचा डोळा लागेनासा झाला. कानात कापूस, खिडकीला गोधडी, सगळं करून झालं. एकदा कामावर बसल्या बसल्या पेंगला, शेजारच्यानं वेळेवर हलवलं म्हणून निभावलं. त्याच्या हाताखाली अ‍ॅसिडचे व्हॉल्व्ह असतात. मला भीती वाटायची, लपवू कशाला?

मी ग्रामपंचायतीची सदस्य, म्हणून ग्रामसभेत विषय मीच लावून धरला. विमानांचा कारभार केंद्राकडे, तेव्हा ठराव थेट दिल्लीला पाठवायचं ठरलं. आवाजावर एकमत झालं, अडलं ते धुरावर.

"धूर लिवला तर इचारतील, इमानाचा का कारखान्याचा?" एक जण म्हणाला.

कारखान्यावर तर निम्म्या गावाच्या चुली पेटतात. आपला तो बाब्या! शेवटी 'विमानाचा धूर' एवढंच लिहिलं.

बऱ्याच महिन्यांनी निरोप आला, आवाज मोजायला केंद्राचं पथक येतंय. तेव्हा गावानं अक्कल पाजळली. आपलाच आवाज यंत्रात शिरला तर दोष आपल्यावर यायचा, म्हणून गिरणी बंद, देवळातला स्पीकर बंद. टेंपोवाल्यांना हॉर्नची बंदी. मासळीवालीला सांगितलं, दारोदार फिर, पण हाळी देऊ नको. कुत्री भाकरी दाखवून लांब शेतावर नेऊन बांधली.

साहेबांनी पंचायतीच्या गच्चीवर यंत्र लावलं. नेमका त्या दिवशी वारा फिरलेला. वारा फिरला की विमानं दुसऱ्या अंगानं उतरतात, हे आम्हाला कुठं ठाऊक! एकही विमान गावावर आलं नाही. इतकं शांत गाव आपण पाहिलं नाही, असं साहेब हिंदीत म्हणाले.

सरपंचांना घाम फुटला. "वयनी, दादाला घेऊन या. त्यो सांगंल, झोपंचं कसं खोबरं होतं ते."

मी धावतच घरी आले. नवरा उताणा, तोंड उघडं टाकून घोरत होता. गालावर माशी फिरत होती तरी हलत नव्हता. उठवायला वाकले आणि मला रडूच आलं. दार लोटून तशीच परत गेले.

"ते निजल्यात," मी सांगितलं.

"मंग उठवा की! साहेब दिल्लीस्नं आल्यात!"

"नाय उठवणार. साहेबांना परत बोलवता येईल. ही झोप मी कुठनं आणू?"

पथक यंत्र गुंडाळून गेलं. सरपंच अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. नवरा दिवेलागणीपर्यंत झोपला.